पप्पांच्या हातातलं मांजर

एक गंमत सांगते. आमच्या चौथीच्या वर्गात ‘माझा आवडता प्राणी’ या विषयावर प्रत्येकानं पाच वाक्यं बोलायची होती. कुणी बैलावर बोललं, कुणी शेळीवर. एका पठ्ठ्यानं तर थेट डायनोसॉर आणला! मग मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली,

“माझा आवडता प्राणी मांजर. ते माझ्या पप्पांच्या हातात राहतं. रात्रंदिवस घुर्र घुर्र करतं. त्याला दूध लागत नाही. ते गप्प झालं तर पप्पांना लगेच दवाखान्यात न्यायचं असतं.”

सगळा वर्ग खो खो हसला. मलाही हसू येणार होतं, पण ते पाचवं वाक्य ऐकून हसू आतल्या आत विरलं.

शाळा सुटल्यावर तिचे पप्पा तिला न्यायला आले. मी विचारलं तसा त्यांनी डावा हात पुढं केला. मनगटाच्या वर एक जाड, फुगीर शीर दिसत होती. म्हणाले, “बघा बाई, हात लावून.” मी अलगद बोटं टेकवली आणि दचकलेच! कातडीखाली काहीतरी सतत थरथरत होतं. मांडीवर झोपलेल्या मांजराच्या पोटावर हात ठेवल्यावर लागते ना, अगदी तशी थरथर.

या मांजराचं खरं नाव आहे फिश्चुला. ज्यांची मूत्रपिंडं, म्हणजे किडन्या, काम करेनाशा झाल्या आहेत आणि ज्यांना डायलिसिस करावं लागतं, अशा पुष्कळ माणसांच्या हातात ते असतं. ते कुठून आलं, काय काम करतं आणि आजारी पडलं तर काय होतं, तेच आज बघू या.

शरीरातली गाळणी

आपल्या कमरेच्या थोडं वर, पाठीच्या बाजूला, राजम्याच्या दाण्याच्या आकाराची दोन मूत्रपिंडं असतात. लांबी जेमतेम तुमच्या मुठीएवढी, पण काम केवढं! दिवसभरात ती सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून गाळून घेतात. त्यातलं चांगलं तेवढं परत रक्तात सोडतात आणि साधारण दीड लिटर घाण पाणी लघवीवाटे बाहेर टाकतात.

खूप वर्षं मधुमेह किंवा रक्तदाब राहिला, किंवा दुसरा एखादा आजार झाला, तर ही गाळणी निकामी होऊ शकते. मग विषारी द्रव्यं रक्तातच साठत जातात, अंगावर सूज येते, धाप लागते. अशा वेळी एक तर दुसऱ्या कुणाची किडनी बसवावी लागते, नाहीतर यंत्रानं रक्त गाळावं लागतं. यंत्रानं रक्त गाळणं म्हणजेच डायलिसिस. एका सुईतून रक्त बाहेर काढायचं, हजारो बारीक पोकळ धाग्यांच्या गाळणीतून फिरवायचं आणि दुसऱ्या सुईतून परत शरीरात सोडायचं. एका वेळेला सुमारे चार तास लागतात, आणि असं आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा.

आता जरा गणित करू. यंत्राला मिनिटाला साधारण ३०० मिलिलिटर रक्त लागतं. चार तास म्हणजे २४० मिनिटं. करा गुणाकार. ७२ लिटर! मोठ्या माणसाच्या अंगात रक्त असतं जेमतेम पाच लिटर. म्हणजे तेच तेच रक्त चौदा वेळा यंत्रातून फिरून येतं. आता दुसरं गणित. आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी दोन सुया, तर वर्षाच्या ५२ आठवड्यांत किती? ३१२. आणि या सुया आपल्या नेहमीच्या इंजेक्शनच्या सुईसारख्या नसतात बरं का, त्या बऱ्याच जाड असतात.

मग प्रश्न असा की, एवढं रक्त घ्यायचं कुठून? आणि तीच जागा वर्षानुवर्षं टिकवायची कशी?

यंत्र होतं, पण दार नव्हतं

याच प्रश्नानं एकेकाळी भल्याभल्या डॉक्टरांची झोप उडवली होती. त्यासाठी आपल्याला ऐंशीहून जास्त वर्षं मागं जायला हवं, तेही युरोपातल्या नेदरलँड्स देशात.

साल होतं १९४३. दुसरं महायुद्ध चालू होतं आणि नेदरलँड्सवर जर्मन सैन्याचा ताबा होता. काम्पेन नावाच्या छोट्या शहरात विलेम कोल्फ हा तरुण डॉक्टर होता. सगळ्याच वस्तूंची टंचाई. त्यानं काय केलं असेल? लाकडी पट्ट्यांचा एक गोल पिंप केला. सॉसेज नावाच्या मांसाच्या पदार्थावर सेलोफेनचं पातळ वेष्टण असतं, त्याची लांबच लांब नळी त्या पिंपाभोवती गुंडाळली. खाली मिठाच्या पाण्याचं टब ठेवलं. रक्त नळीतून वाहायचं, पिंप पाण्यात फिरायचा आणि रक्तातली घाण पाण्यात उतरायची. झालं कृत्रिम मूत्रपिंड!

त्याची पहिली रुग्ण होती २९ वर्षांची एक तरुणी. यंत्रानं काम केलं, तिला बरंही वाटू लागलं. पण रक्त काढायला दर वेळी तिच्या रक्तवाहिनीला छेद द्यावा लागे, नळी घालावी लागे, आणि एकदा वापरलेली जागा पुन्हा वापरता येत नसे. असं बारा वेळा झालं. मग नळी घालायला जागाच उरली नाही. यंत्र शेजारी उभं होतं, चालू होतं, पण रक्तापर्यंत पोचायचं दार बंद झालं होतं. ती बिचारी वाचली नाही.

कोल्फ यांनी हार मानली नाही. १९४५ साली त्यांच्या यंत्रानं ६७ वर्षांच्या एका बाईंचे प्राण वाचवले. पण त्या बाईंची मूत्रपिंडं थोड्याच दिवसांत आपली आपण सुधारली. ज्यांची कायमची बिघडली आहेत, त्यांचं काय? दार सापडेपर्यंत त्यांना आशा नव्हती.

नॉनस्टिक तव्याचा भाऊ

पुढं १९६० साल उजाडलं. अमेरिकेतल्या सिएटल शहरात बेल्डिंग स्क्रिबनर नावाच्या डॉक्टरांना एक युक्ती सुचली. दर वेळी नवा छेद कशाला? एक नळी कायमची रोहिणीत आणि एक नीलेत बसवून ठेवली तर?

रोहिणी आणि नीला तुम्हांला विज्ञानाच्या पुस्तकात भेटल्या असतील. हृदयाकडून जोरात रक्त घेऊन निघते ती रोहिणी, आणि संथपणे हृदयाकडे परत येते ती नीला. स्क्रिबनर यांनी दोन नळ्यांची टोकं हाताबाहेर काढली आणि डायलिसिस नसेल तेव्हा ती एकमेकांना जोडून ठेवली, म्हणजे रक्त वाहतंच राहील. नळी होती टेफ्लॉनची. आईचा नॉनस्टिक तवा पाहिलात? त्यावर जो लेप असतो, तोच हा टेफ्लॉन. डोसा त्याला चिकटत नाही, तसं रक्तही सहजासहजी चिकटत नाही.

विमानांच्या कारखान्यात काम करणारे क्लाइड शील्ड्स हे या नळीचे पहिले रुग्ण. मार्च १९६० मध्ये त्यांना नळी बसवली आणि ते पुढं अकरा वर्षं जगले. आधी जिथं दिवस मोजले जात होते, तिथं अकरा वर्षं!

पण नळी ती नळीच. अर्धी आत, अर्धी बाहेर. त्या वाटेनं जंतू शिरत, आत रक्ताच्या गुठळ्या होत, जोड निसटला तर भळाभळा रक्त वाहे. दार सापडलं, पण ते सताड उघडं दार होतं.

ओढ्यात पाट सोडला

मग न्यूयॉर्कमधल्या, माजी सैनिकांच्या एका रुग्णालयातले डॉक्टर जेम्स चिमिनो आणि मायकेल ब्रेशा यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळाच विचार केला. बाहेरची नळी हवीच कशाला? शरीरातलीच रोहिणी आणि शरीरातलीच नीला मनगटाजवळ एकमेकींना जोडून टाकू! शल्यविशारद केनेथ अ‍ॅपेल यांनी १९६५ साली ही शस्त्रक्रिया केली आणि १९६६ साली जगाला तिची माहिती झाली.

याचा उपयोग काय? असं बघा. नुसत्या नीलेत सुई टोचली तर रक्त फार हळू येतं, यंत्राची तहान भागत नाही. रोहिणीत रक्त जोरात असतं, पण ती खोल असते आणि तिला सारखं टोचणं धोक्याचं. आपल्या शेताकडच्या बारक्या ओढ्यात कालव्याचं पाणी सोडलं तर काय होईल? ओढा हळूहळू रुंद होईल. तसंच रोहिणीचं जोरदार रक्त नीलेत शिरलं की नीला फुगते, रुंद होते आणि तिची भिंत जाड होते. एक-दोन दिवसांत नाही हं. त्याला दीड-दोन महिने, कधी त्याहूनही जास्त लागतात. तोवर हातात मऊ चेंडू धरून दाबायचा व्यायाम करायचा. एकदा नीला तयार झाली की तिच्यातून मिनिटाला अर्ध्या लिटरहून जास्त रक्त वाहतं आणि कातडीच्या अगदी खालीच असल्यानं सुई टोचणंही सोपं जातं.

आणि ते मांजर? बागेत पाणी घालताना रबरी पाइपच्या तोंडावर अंगठा दाबून बघा. पाणी जोरात उडतं आणि पाइप हातात थरथरतो. तशीच रक्ताच्या जोरानं नीलेची भिंत थरथरते. स्टेथास्कोप लावला तर घुर्र घुर्र असा आवाजही येतो. ती थरथर म्हणजे रक्ताची खूण : ‘मी वाहतो आहे, दार उघडं आहे.’

आज साठ वर्षांनंतरही शक्य असेल तिथं डॉक्टर आधी फिश्चुलाच करायला बघतात. ज्यांच्या नीला फार बारीक असतात, त्यांच्या हातात कातडीखाली एक मऊ कृत्रिम नळी बसवतात. आणि घाईची वेळ असेल तर मानेतल्या मोठ्या नीलेत कॅथेटर नावाची नळी घालतात. पण तिचं एक टोक अंगाबाहेर आणि दुसरं हृदयाजवळ असतं. जंतू शिरले तर ते थेट रक्तात जातात. म्हणून ती शक्यतो थोड्या दिवसांपुरतीच.

मांजराचे पाच शत्रू

फिश्चुला हे सर्वांत चांगलं दार असलं, तरी त्यालाही शत्रू आहेतच. 

पहिला शत्रू गुठळी. रक्त गोठून वाट बुजते आणि थरथर थांबते. 

दुसरा अरुंदपणा. आतून नीलेची भिंत जाड होत जाते आणि वाट चिंचोळी होते. हा छुपा शत्रू आहे, आणि पुष्कळदा हाच गुठळीला बोलावून आणतो. 

तिसरे जंतू. जागा लाल होते, दुखते, गरम लागते, पू येतो, ताप भरतो, थंडी वाजते. 

चौथा फुगवटा. सुई सारखी एकाच जागी टोचली तर तिथली भिंत कमजोर होऊन फुगा येतो. वरची कातडी पातळ आणि चकचकीत दिसू लागली तर तो फुटायचा धोका असतो. म्हणून सिस्टर सुईची जागा बदलत राहतात. 

पाचवा रक्तचोर. सगळं रक्त फिश्चुलाच पळवतो आणि बोटांना पुरेसं मिळत नाही. मग बोटं गार, पांढरी पडतात, दुखतात.

यातला कुठलाही शत्रू दिसला की डॉक्टरांना लगेच सांगायचं, ‘बघू चार दिवसांनी’ म्हणायचं नाही. का, ते त्या मुलीच्याच घरी घडलं.

मांजर गप्प झालं

गेल्या पावसाळ्यात तिच्या पप्पांना दोन दिवस उलट्या-जुलाब झाले. अंगातलं पाणी गेलं, रक्तदाब उतरला. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं रोजच्यासारखा त्यांच्या मनगटावर हात ठेवला. रोज उठल्यावर पहिलं काम तेच. दात घासणं त्यानंतर!

त्या दिवशी हाताला काहीच लागलं नाही. तिनं कान लावला. शांत.

“पप्पा, मांजर बोलत नाही.”

पप्पांना वाटलं, ताणून झोपल्यामुळं असेल. आजी म्हणाली, “शीर आखडली असंल, आण गं वाटीत कोमट तेल, चोळून देते.” पोरीनं पप्पांचा हात दोन्ही हातांनी झाकूनच घेतला. “आजी, चोळायचं नाही! सिस्टर म्हणाल्यात, चोळायचं नाही, फोन करायचा!”

पप्पा म्हणाले, “अगं, उद्या बुधवार. उद्या डायलिसिसला जायचंच आहे, तेव्हा दाखवू.” त्यांचंही चुकीचं नव्हतं. तालुक्याहून जिल्ह्याला जायचं म्हणजे दोघांचं एसटीचं भाडं, आईचा एक दिवसाचा रोज बुडणार, अंगात ताकद नाही. पण पोरगी हटून बसली. शेवटी आईनं डायलिसिस केंद्रात फोन लावला. तिकडून सिस्टर म्हणाल्या, “उद्याची वाट बघू नका. आत्ताच्या आत्ता निघा.”

सोनोग्राफीत दिसलं की नीलेत गुठळी झाली आहे आणि गुठळीच्या पुढं वाट चिंचोळीही झाली आहे. डॉक्टरांनी बारीक नळीनं गुठळी काढली. मग चिंचोळ्या जागी एक इवलासा फुगा नेऊन तो फुगवला आणि वाट मोकळी केली. हो, खरोखरचा फुगा! गुठळी ताजी असते तोवर ती काढणं सोपं असतं. जसजसा वेळ जातो, तसतशी ती घट्ट चिकटते. मग फिश्चुला कायमचा बंद पडू शकतो. मग मानेत नळी, पुन्हा शस्त्रक्रिया, पुन्हा दोन महिने वाट पाहणं. आणि माणसाच्या हातात अशा जागा मोजक्याच असतात. काम्पेनमधल्या त्या तरुणीची गोष्ट आठवते ना?

दोन दिवसांनी ती शाळेत आली. दप्तर ठेवायच्या आधी माझ्या टेबलाजवळ येऊन हळूच म्हणाली, “बाई, मांजर परत आलं.”

या वेळी वर्गातलं कुणी हसलं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तुम्हीही राखणदार होऊ शकता

२०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळं आता पुष्कळ जिल्हा रुग्णालयांत गरीब रुग्णांना मोफत डायलिसिस मिळतं. त्यामुळं तुमच्याही गल्लीत, नात्यात असं कुणी असू शकेल. त्यांच्यासाठी मुलांना काय करता येईल?

• फिश्चुलाच्या हातावर रोज बोटं टेकवून थरथर तपासा. थांबली किंवा कमी झाली असं वाटलं तर मोठ्यांना लगेच सांगा. चोळू नका, शेकू नका.

• त्या हाताला रक्तदाबाचा पट्टा बांधू द्यायचा नाही, त्या हातातून तपासणीसाठी रक्त काढायचं नाही, सलाईन लावायचं नाही. गर्दीच्या दवाखान्यात माणूस सांगायला विसरतो. तुम्ही आठवण करा.

• त्या हातात घट्ट बांगड्या, घड्याळ, कडं नको. राखीसुद्धा दुसऱ्या हाताला बांधा. भावाला चालतं!

• जड पिशवी, पाण्याची कळशी त्या हातानं उचलू देऊ नका. त्या हातावर डोकं ठेवून झोपायचं नाही, आणि लहान भावंडांनी तर त्याला अजिबात लोंबकळायचं नाही.

• डायलिसिसला जाताना तो हात साबणानं स्वच्छ धुवायचा. खपली निघालेली दिसली तर खाजवायचं नाही.

• कधी रक्त वाहू लागलंच, तर घाबरून पळू नका. स्वच्छ कापडानं त्या जागेवर घट्ट दाबून धरायचं, हात वर उचलायचा आणि १०८ नंबरला फोन करायला सांगायचं.

दर वर्षी मार्च महिन्यातल्या दुसऱ्या गुरुवारी जागतिक मूत्रपिंड दिन असतो. त्या दिवशी आमच्या वर्गानं ठरवलं, प्रत्येकानं घरी जाऊन आजी-आजोबांना एकच प्रश्न विचारायचा : “रक्तदाब आणि साखर शेवटची कधी तपासली?” दुसऱ्या दिवशी निम्म्या वर्गाचं उत्तर आलं, ‘आठवत नाही!’ मग काय, पोरं मागं लागली आणि त्या आठवड्यात आरोग्य उपकेंद्रात आजी-आजोबांची रांगच लागली. तुम्हीही विचारून बघा. हातात मांजर पाळायची वेळ येऊच नये, ते सगळ्यांत चांगलं, नाही का?

आणि ज्यांच्या हातात ते आहे, त्यांचं मांजर गुरगुरत राहू दे. आमच्या वर्गातली ती मुलगी अजून रोज सकाळी आधी पप्पांचा हात धरते आणि मगच दात घासायला जाते.